होस्टिंग वाढवताना: सोलापूरच्या दुकानदार, लॉजमालक आणि संस्थांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चादर-टॉवेलचं दुकान, शेंगाचटणीचा घरगुती धंदा, पंढरपूर-अक्कलकोटचं लॉज, हुरडा पार्टीचं शेत, दवाखाना, शाळा: यांच्या साइट बहुतेक वेळा कुणीतरी बनवून दिलेल्या असतात, आणि चालवणाऱ्याला आतलं काही माहीत नसतं. अशा मालकांसाठी हे पान आहे. प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. होस्टिंगच्या (साइट ज्या भाड्याच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवली आहे त्या सेवेच्या) पॅनलचा पासवर्ड मात्र हाताशी असू द्या, कारण अर्धी उत्तरं तिथंच दिसतात.

साइट फार हळू उघडते. मोठा प्लॅन घेतला की वेग वाढेल ना?

दर वेळी नाही. म्हणून पैसे भरण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या मोफत पानावर आपला पत्ता टाका. त्यात सर्व्हरने पहिलं उत्तर द्यायला किती वेळ घेतला ते दिसतं. तो वेळ ६०० मिलिसेकंदांच्या आत असेल आणि तरीही पान रेंगाळत असेल, तर दोष होस्टिंगचा नाही, पानाच्या वजनाचा आहे.

वजन कसं वाढतं बघा. मोबाइलने काढलेला चादरीचा फोटो सहज ४ एमबीचा असतो. एका पानावर २० चादरी लावल्या की ८० एमबी झाले. १० एमबीपीएस वेग मिळणाऱ्या गिऱ्हाइकाला ते पान पूर्ण दिसायला मिनिटाहून जास्त लागतं, आणि तोवर ते निघून गेलेलं असतं. तेच फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठवले तर प्रत्येकी साधारण १५० केबीत बसतात. मग सगळं पान ३ एमबीचं होतं आणि अडीच सेकंदांत उतरतं. चादरीची वीण आणि रंग एवढ्या आकारात व्यवस्थित दिसतात. वर्डप्रेस (साइट बनवण्याची एक प्रणाली) फोटोच्या लहान आवृत्त्या आपोआप बनवतं, पण पेज बिल्डर या पान रचण्याच्या साधनात ‘फुल साइज’ निवडलेलं राहिलं की त्या वापरल्याच जात नाहीत. ती एक निवड बदलून बघा.

सर्व्हरचं पहिलं उत्तरच दीड-दोन सेकंदांनी येत असेल, तरीही आधी कॅशे प्लगइन (तयार पानाची प्रत जपून ठेवणारी जोड) चालू आहे का आणि पीएचपीची (साइट ज्या भाषेत चालते तिची) आवृत्ती कोणती आहे हे बघावं. दोन्ही ठीक असूनही आकडा उतरत नसेल, तेव्हा होस्टिंगचा विचार करावा.

होस्टिंग खरोखर अपुरं पडतंय हे कशावरून ओळखायचं?

सीपॅनल (होस्टिंग चालवण्याचं एक पॅनल) असेल तर ‘रिसोर्स युसेज’ हा भाग उघडा आणि गेल्या ३० दिवसांचा आलेख बघा. सीपीयू, मेमरी, आय/ओ (डिस्कवरची वाच-लिही) आणि एंट्री प्रोसेस (एका क्षणी चालणारी कामं) यांच्या रेषा वरच्या मर्यादेला रोज टेकत असतील, आणि खाली ‘फॉल्ट्स’चे (मर्यादेमुळे अडल्याचे) आकडे दिसत असतील, तर जागा खरंच कमी पडते आहे. गिऱ्हाइकाला त्या वेळी ‘५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ किंवा ‘५०३’ असा संदेश दिसतो.

‘५००’ हा संदेश मात्र वेगळा. तो बहुतेकदा बिघडलेलं प्लगइन, चुकीची एचटीअ‍ॅक्सेस (सर्व्हरला सूचना देणारी) फाइल किंवा पीएचपीची न जुळणारी आवृत्ती यामुळे येतो. प्लॅन कितीही मोठा घेतला तरी तो जाणार नाही.

आणखी एक गोष्ट तपासाच. आलेख रात्री दोन-तीन वाजता उंच जात असेल, तर ती गिऱ्हाइकं नव्हेत. लॉगिनच्या पानावर पासवर्ड आजमावणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) असतात, नाहीतर सगळी साइट उचलून नेणारे बॉट. त्यांना क्लाउडफ्लेअर या साइटपुढे ढालीसारख्या राहणाऱ्या सेवेच्या मोफत योजनेतून किंवा लॉगिनचे प्रयत्न मर्यादित करणाऱ्या प्लगइनने अडवता येतं. बॉटांसाठी मोठं होस्टिंग विकत घेऊ नका.

एंट्री प्रोसेस २० म्हणजे एका वेळी वीसच माणसं साइट बघू शकतात का?

नाही. अगदी एकाच क्षणी पीएचपीची किती कामं चालू असू शकतात, याचा तो आकडा. पान उघडल्यावर माणूस वाचत बसतो, तेव्हा सर्व्हर मोकळा असतो.

हिशोब सोपा आहे. एक पान तयार करायला सर्व्हरला २ सेकंद लागत असतील, तर २० कामांच्या मर्यादेत सेकंदाला १० पानं निघतात. तेच पान अर्ध्या सेकंदात तयार झालं तर सेकंदाला ४० निघतात. प्लॅन तोच, पैसे तेच, क्षमता चौपट. कॅशे चालू असेल तर तयार पान थेट दिलं जातं आणि बऱ्याचदा पीएचपीला हातही लागत नाही. दुकानाच्या साइटवर कार्ट, चेकआउट आणि ‘माझं खातं’ ही पानं मात्र कॅशेतून वगळलेली असलीच पाहिजेत. नाहीतर एका गिऱ्हाइकाची पिशवी दुसऱ्याला दिसते.

शेअर्ड, मॅनेज्ड, व्हीपीएस, क्लाउड. माझ्यासाठी कुठलं?

दहा-पंधरा पानांची माहितीपर साइट, म्हणजे दवाखाना, शाळा, मंगल कार्यालय, वास्तुविशारद: शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) पुरे. एनव्हीएमई (वेगवान) डिस्क, रोजचा बॅकअप आणि सुरक्षा दुरुस्त्या अजून मिळणारी पीएचपी आवृत्ती एवढं मिळत असेल तर पुढं जायचं कारण नाही.

वूकॉमर्सवर (वर्डप्रेसमधली दुकानाची जोड) दुकान असेल आणि दिवसभर ऑर्डर येत असतील, तर मॅनेज्ड वर्डप्रेस किंवा मॅनेज्ड व्हीपीएस बघा. व्हीपीएस म्हणजे सर्व्हरचा तुमच्यासाठी राखलेला हिस्सा, आणि ‘मॅनेज्ड’ म्हणजे त्याची देखभाल कंपनीकडे. सुरुवातीला २ सीपीयू कोअर आणि ४ जीबी रॅम हे काही शे उत्पादनांच्या दुकानाला रास्त माप आहे. वूकॉमर्सचं एक काम साधारण ६० ते १०० एमबी मेमरी खातं. त्यामुळे १ जीबीच्या स्वस्त व्हीपीएसवर डेटाबेस (साइटचा मजकूर आणि ऑर्डर साठवणारा भाग) धरून फार कमी कामं एका वेळी मावतात, आणि मेमरी संपली की यंत्रणा बहुधा आधी डेटाबेसच बंद पाडते. मग ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ असा पांढरा पडदा दिसतो.

अनमॅनेज्ड व्हीपीएस स्वस्त दिसतो तो एवढ्यासाठी की अपडेट, फायरवॉल, बॅकअप, मेल आणि रात्री बंद पडलं तर उठून चालू करणं, सगळं तुमच्यावर असतं. सीपॅनलचा परवानाही बहुधा वेगळा मोजावा लागतो. ते करणारा माणूस पगारावर नसेल तर हा मार्ग धरू नका. आमचं मत यावर ठाम आहे: बिगर-तांत्रिक मालकाने ‘मॅनेज्ड’ या शब्दासाठी जास्त पैसे द्यावेत, रॅमच्या मोठ्या आकड्यासाठी नव्हे.

‘क्लाउड’ हा शब्द जाहिरातीत कशालाही लावतात. तो बाजूला ठेवा आणि कोअर किती, रॅम किती, बॅकअप किती दिवसांचा, सपोर्ट फोनवर आहे की फक्त तिकिटावर, एवढंच विचारा.

प्लॅनवर ‘अनलिमिटेड’ लिहिलंय. मग मर्यादा कसली?

फाइलींच्या संख्येची. तिला आयनोड म्हणतात आणि ती अटींच्या पानात खाली दडलेली असते. प्रत्येक फोटो, प्रत्येक मेल, कॅशेची प्रत्येक फाइल म्हणजे एक आयनोड. वर्डप्रेस एका फोटोच्या पाच-सहा आवृत्त्या बनवतं, त्यामुळे हजार फोटोंचे सहज सहा हजार होतात. मर्यादा ओलांडली की नवीन फोटो चढत नाहीत, मेल येणं थांबतं आणि काही कंपन्या बॅकअप घेणंही थांबवतात. पॅनलच्या उजव्या बाजूला ‘फाइल युसेज’ नावाने हा आकडा असतो.

सर्व्हर कुठल्या शहरात असावा?

गिऱ्हाइकं महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटकातली असतील तर भारतातला घ्या. सोलापूर या बाबतीत सोयीच्या जागी आहे. पुणे–हैदराबाद महामार्गावरचं आपलं शहर, आणि मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर मुंबई, पुणे, हैदराबाद या तिन्ही ठिकाणी आहेत. यांतलं कुठलंही चालेल. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंतच्या एका फेरीला साधारण २०० मिलिसेकंदांहून जास्त लागतात, मुंबईला त्याच्या कितीतरी कमी. आणि एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. टॉवेल मुख्यतः परदेशी घाऊक खरेदीदारांना विकत असाल, तर सर्व्हर भारतात ठेवून पुढे सीडीएन (साइटच्या प्रती जगभर ठेवणारी सेवा) लावणं पुरतं.

सोलापुरात वीज गेली तर साइट बंद पडेल का?

नाही. सर्व्हर तुमच्या दुकानात नसतो.

खर्चाचा हिशोब कसा करायचा?

मोठ्या अक्षरांतला दर पहिल्या मुदतीचा असतो. खरा दर नूतनीकरणाचा. समजा जाहिरातीत महिना ₹१४९ आणि नूतनीकरण ₹३९९ आहे. पहिलं वर्ष १,७८८ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ₹२,११०. दुसऱ्या वर्षापासून ४,७८८ अधिक जीएसटी, म्हणजे ₹५,६५०. तुलना करायची ती या दुसऱ्या आकड्यांची. शिवाय बॅकअप, मेलबॉक्स आणि एसएसएल (साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र) यांचे वेगळे पैसे लागतात का ते बघा. एसएसएलसाठी वेगळे पैसे मागणारी कंपनी साध्या साइटसाठी सोडून द्यावी. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र पुरेसं असतं.

बिल भरतानाच आपला जीएसटी क्रमांक टाका, नंतर बदलून मिळणं जिकिरीचं होतं. परदेशी कंपनी डॉलरमध्ये पैसे घेत असेल तर कार्डाचं परकीय चलन शुल्क लागतं, आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याला करही वेगळ्या रीतीने भरावा लागू शकतो. सीएला आधी विचारा.

ऑटो-पेवर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेट (आपोआप पैसे कापण्याची आगाऊ परवानगी) नियमांमुळे नोंदणी नसलेले आपोआप व्यवहार नाकारले जातात, आणि होस्टिंगसारख्या खर्चाला ₹१५,००० च्या वर प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. ‘कार्ड जोडलं होतं, तरी साइट बंद झाली’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. नूतनीकरणाची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या सूचनेसह टाका.

साइट बनवणाऱ्या मुलाने डोमेन (साइटचा पत्ता) स्वतःच्या नावावर घेतलंय. काही बिघडतं का?

बिघडतं, आणि होस्टिंग वाढवण्याआधी हेच सोडवा. होस्टिंग पुन्हा विकत घेता येतं. डोमेन हातचं गेलं तर पाटीवर, पिशवीवर, व्हिजिटिंग कार्डावर छापलेला पत्ताच जातो.

डोमेन जिथून घेतलं त्या कंपनीत तुमच्या नावाने खातं उघडा आणि त्या मुलाला डोमेन त्या खात्यात ढकलायला सांगा. एकाच कंपनीत हे काम सहसा फुकट आणि काही मिनिटांत होतं. नोंदणीतलं नाव, पत्ता, मोबाइल आणि ईमेल तुमचा करून घ्या. तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडलं की मेलही बंद पडतो, आणि मग पासवर्ड बदलण्याची लिंक कुठं येणार? साधा जीमेल द्या. संबंध चांगले असतानाच हे करून घ्या, आणि त्याचं राहिलेलं बिल आधी चुकतं करा.

होस्टिंग बदललं की डोमेनही नव्या कंपनीकडे न्यावं लागतं का?

नाही. डोमेन जिथं आहे तिथंच राहू द्या, फक्त ते कुठल्या सर्व्हरकडे बोट दाखवतं ते बदलायचं. दोन्ही एकदम हलवू नका. बिघाड झाला तर कशामुळे झाला ते कळत नाही.

कधी हलवावं?

धंदा मंद असतो तेव्हा. चादरीच्या दुकानाने दिवाळीच्या आधीचा दीड महिना सोडावा. पंढरपूरच्या लॉजने आषाढी आणि कार्तिकीच्या आधीचे तीन आठवडे, आणि गड्ड्याच्या यात्रेशी संबंध असलेल्यांनी जानेवारीचा पहिला पंधरवडा सोडावा. हुरड्याच्या शेतांनी थंडी संपू द्यावी. शाळेने प्रवेशाचे आणि निकालाचे दिवस टाळावेत.

आठवड्यात मंगळवार-बुधवार उत्तम. शनिवारी रात्री हलवून रविवारी सपोर्टची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. जुन्या होस्टिंगची मुदत संपायला किमान महिना शिल्लक असताना सुरुवात करा.

प्रत्यक्ष हलवायचं कसं?

बहुतेक कंपन्या एक साइट मोफत हलवून देतात, आणि दोन्हीकडे सीपॅनल असेल तर ते काम त्यांच्यावरच सोपवा. त्यांना मुख्य पासवर्ड न देता तात्पुरतं वेगळं लॉगिन काढून द्या आणि काम झाल्यावर ते काढून टाका. तरीही क्रम तुम्हाला माहीत हवा, कारण लक्ष तुम्हीच ठेवणार आहात.

१. पूर्ण बॅकअप घ्या: फाइली, डेटाबेस आणि मेल. एक प्रत गूगल ड्राइव्हवर, एक पेन ड्राइव्हवर. झिप उघडून आत ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ हे फोल्डर आणि ‘एसक्यूएल’ शेपटीची फाइल आहे का ते डोळ्यांनी बघा. ० केबीचे बॅकअपही सापडतात.

२. डोमेनच्या डीएनएस पानाचे (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या नोंदींचे) स्क्रीनशॉट काढा. सगळ्या ओळी आल्या पाहिजेत, विशेषतः मेल कुठं जातो ते सांगणारी एमएक्स आणि मेलची ओळख पटवणारी टीएक्सटी.

३. एक दिवस आधी ‘ए’ रेकॉर्डचा (सर्व्हरचा आयपी, म्हणजे आकडी पत्ता, असलेल्या नोंदीचा) टीटीएल १४४०० वरून ३०० करा. १४४०० सेकंद म्हणजे चार तास, ३०० म्हणजे पाच मिनिटं. जग जुना पत्ता तेवढाच वेळ लक्षात ठेवतं.

४. नव्या जागी साइट चढवा. घरच्या ब्रॉडबँडचा अपलोड १० एमबीपीएस असेल तर ३ जीबीच्या बॅकअपला सुमारे ४० मिनिटं लागतात आणि मध्ये लाइन तुटली की पुन्हा सुरुवात. म्हणून एका सर्व्हरवरून थेट दुसऱ्या सर्व्हरवर न्यायला सांगा.

५. डोमेन न बदलता नवी साइट तपासा. कंपनी प्रिव्ह्यू लिंक देते. लॉगिन, चौकशीचा फॉर्म, कार्ट, फोटो, पीडीएफ, मराठी मजकूर: सगळं उघडून बघा.

६. मग ‘ए’ रेकॉर्डमध्ये नवा आयपी टाका. फक्त होस्टिंग बदलत असेल तर नेमसर्व्हर (डोमेनच्या सगळ्या नोंदी सांभाळणारा सर्व्हर) बदलण्यापेक्षा हा मार्ग बरा. नेमसर्व्हरचा बदल पसरायला २४ ते ४८ तास लागू शकतात आणि त्यात मेलच्या नोंदी हरवतात.

७. एसएसएल लागलं का बघा. मोफत प्रमाणपत्र डोमेन नव्या सर्व्हरकडे वळल्यावरच तयार होतं, त्यामुळे थोडा वेळ ‘नॉट सिक्युअर’ दिसू शकतं. तासाभरात गेलं नाही तर पॅनलमधून ऑटो-एसएसएल पुन्हा चालवा.

हलवल्यावर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा विचित्र अक्षरं दिसतात. काय करायचं?

आधी कुठलीही पोस्ट उघडून सेव्ह करू नका. डेटाबेस नव्या जागी घालताना अक्षरांचा संच चुकला आहे. देवनागरीच्या जागी टोप्या आणि ठिपके असलेली रोमन अक्षरं दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या संचातून वाचला जातोय. सेटिंग दुरुस्त केलं की परत येतो. ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर त्या प्रतीतला मजकूर गेला. जुन्या सर्व्हरवरून डेटाबेस पुन्हा काढून, निर्यात आणि आयात दोन्ही वेळा ‘यूटीएफ८एमबी४’ हा अक्षरसंच निवडून घालावा लागेल. जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका म्हणतात ते अशाच वेळेसाठी.

फोटोंची नावं मराठीत ठेवली असतील तर आणखी एक अडचण येते. झिप उघडताना देवनागरी नावं मोडतात आणि फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसते. पुढच्या फोटोंना रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता नाव द्या.

ईमेल बंद पडतील का?

निष्काळजीपणा झाला तर हमखास. होस्टिंग बदलताना साइटपेक्षा मेलचंच नुकसान जास्त होतं आणि ते उशिरा लक्षात येतं, कारण न आलेला मेल दिसत नाही.

मेल गूगल वर्कस्पेस किंवा झोहोवर असतील तर एमएक्स नोंदींना हात लावू नका. नव्या सीपॅनलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ या ठिकाणी ‘रिमोट मेल एक्सचेंजर’ निवडा. हे राहून गेलं तर नव्या सर्व्हरला वाटतं की या डोमेनचे मेल माझ्याकडेच येतात, आणि साइटवरच्या फॉर्ममधून तुम्हाला आलेली चौकशी सर्व्हरच्याच एका पेटीत पडून राहते. बाहेरून पाठवलेले मेल व्यवस्थित येत राहतात, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

मेल होस्टिंगवरच असतील तर नव्या जागी त्याच नावांच्या पेट्या आधी बनवा आणि जुने मेल आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीने) हलवून घ्या. साइटचा बॅकअप घेतला म्हणून मेल आपोआप येत नाहीत. दुकानातल्या आउटलुकमध्ये पीओपी (मेल संगणकात उतरवून घेण्याची पद्धत) असेल तर जुने मेल फक्त त्या संगणकातच असू शकतात. त्याची पीएसटी फाइल (आउटलुकचे मेल तिच्यात साठतात) वेगळी जपा.

नंतर एसपीएफ आणि डीकेआयएम या, मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या, नोंदी तपासा. एसपीएफमध्ये जुन्या सर्व्हरचा आयपी राहिला तर तुमची कोटेशनं खरेदीदाराच्या स्पॅममध्ये जातात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून यांतली किमान एक नोंद मागतं. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच असावी. दोन झाल्या तर दोन्ही निकामी.

ऑफिसात नवी साइट दिसते, मोबाइलवर जुनीच. दोन दिवस झाले. का?

डीएनएसमध्ये ‘क्वाड-ए’ म्हणजे चार ‘ए’ची जुनी नोंद राहिली आहे. ती आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीच्या आकडी पत्त्यांसाठी असते. जिओसारखं मोबाइल नेटवर्क आयपीव्ही६ ला पसंती देतं, त्यामुळे मोबाइलवाले जुन्या सर्व्हरवर जातात, आणि ब्रॉडबँडवाले ‘ए’ नोंद वाचून नव्यावर. जुनी नोंद काढून टाका किंवा नव्या सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता घाला. ती नोंद नसेल तर मात्र ब्राउझरचा कॅशे किंवा क्लाउडफ्लेअरमध्ये राहिलेला जुना आयपी बघा.

हलवाहलवीत ऑर्डर किंवा बुकिंग हरवतील का?

प्रत काढल्यानंतर जुन्या साइटवर आलेली ऑर्डर नव्या साइटवर नसते. म्हणून शेवटची डेटाबेस प्रत घेण्याआधी चेकआउट बंद करा. ‘आज रात्री ११ ते २ ऑर्डर बंद, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा’ अशी पट्टी लावली की पुरे. चालू झाल्यावर स्वतः एक रुपयाची किंवा सगळ्यात स्वस्त वस्तूची खरी ऑर्डर द्या. पैसे कापले जाऊन ऑर्डर ‘पेंडिंग’ राहिली, तर पेमेंट गेटवेचा वेबहुक (पैसे आल्याचा आपोआप निरोप) नव्या सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये अडकला आहे. गेटवेच्या डॅशबोर्डवर अयशस्वी वेबहुकची यादी असते, ती स्क्रीनशॉटसह सपोर्टला पाठवा.

पीएचपीची कुठली आवृत्ती ठेवावी?

७.४ ला नोव्हेंबर २०२२ नंतर सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, ८.० ला नोव्हेंबर २०२३ नंतर, ८.१ ला २०२५ संपल्यावर. ८.३ ला २०२७ अखेरपर्यंत मिळतील. नव्या होस्टिंगवर ८.३ धरा. पण साइट हलवण्याच्या दिवशीच आवृत्ती बदलू नका. आधी जुन्याच आवृत्तीवर चालू होऊ द्या, मग प्लगइन आणि थीम अपडेट करा, नंतर एकेक पायरी वर चढा. पायरी चढल्यावर पांढरं पान आलं तर पॅनलमधून मागची आवृत्ती निवडा, साइट लगेच परत येते. चोरीची थीम वापरली असेल तर ती इथंच अडते, कारण तिला अपडेट मिळत नाहीत.

गूगलमधला क्रमांक खाली जाईल का?

पानांचे पत्ते तेच राहिले तर नुसत्या होस्टिंगच्या बदलाने जात नाही. दोन गोष्टी तपासा. वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना मनाई करणारी खूण चाचणीच्या वेळी लावून राहिली नाही ना. आणि नवा सर्व्हर एनजिनएक्स या सॉफ्टवेअरवर असेल तर जुन्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलीतले रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणाऱ्या सूचना) तिथं चालत नाहीत, ते सपोर्टकडून पुन्हा लिहून घ्या.

माझं दुकान शॉपिफाय किंवा विक्सवर आहे. मला यातलं काय लागू?

होस्टिंगचा भाग नाही. तिथं फक्त त्यांचाच मोठा प्लॅन घेता येतो. फोटोंचं वजन, डोमेनची मालकी आणि ईमेल या तीन उत्तरांतलं, वर्डप्रेस आणि सीपॅनलपुरतं आहे ते सोडून, बाकी मात्र तुम्हालाही लागू आहे.

सपोर्टला नेमकं काय लिहू?

‘साइट चालत नाही’ एवढंच लिहिलं की उलट पाच प्रश्न येतात आणि दिवस जातो. असं लिहा: डोमेनचं नाव, कुठल्या पानावर, किती वाजता, भारतीय वेळ, पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, मोबाइल डेटावर आणि वायफायवर दोन्हीकडे होतं की एकावरच, शेवटचा बदल कुठला केला. सोबत स्क्रीनशॉट. आणि एक वाक्य जोडा: ‘कृपया या वेळेचा एरर लॉग पाहून कारण कळवा.’ लॉगमधली ओळ मागितली की ‘कॅशे साफ करा’ हे ठरावीक उत्तर येत नाही.

जुनं होस्टिंग कधी बंद करू?

नवीन जागी पूर्ण एक महिना सुरळीत गेल्यावर. त्याआधी जुन्या मेलपेट्यांमध्ये काही नवीन येऊन पडलंय का ते एकदा वेबमेलमधून बघा. कुठलातरी पाठवणारा अजून जुन्या पत्त्यावर पाठवत असतो. शेवटचा पूर्ण बॅकअप उतरवून घ्या. डोमेन त्याच कंपनीत असेल तर फक्त होस्टिंग रद्द करा, खातं नव्हे. रद्द केल्याचा मेल आल्यावर ऑटो-पेचा मॅन्डेटही बँकेच्या अ‍ॅपमधून काढा.